इंचाइंचाचं बिल

गेल्या महिन्यात मी या सदरात सहज लिहून गेलो की जुनी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद जाणारी गाडी घेऊन कमी पैशात बऱ्यापैकी ऑफरोड गाडी बनवता येते, आणि तिथून जे मेसेज सुरू झालेत ते अजून थांबले नाहीत. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, पाच निवडलेत. खरं सांगायचं तर निम्म्या लोकांचा प्रश्न एकच आहे, फक्त गाडी वेगळी.

काका नमस्कार, वय २४, वडिलांच्या मागे लागून लागून शेवटी २००४ ची जिप्सी किंग घेतली. जवळ अजून दीड लाख आहेत. स्प्रिंग ओव्हर करून पाच इंच लिफ्ट, ३१ चे टायर, विंच, स्नॉर्केल, रोल केज आणि वर लाईटबार असं डोक्यात आहे. गॅरेजवाला म्हणतो दीड लाखात सगळं बसवून देतो. सुरुवात कशापासून करू?
– जिप्सीवेडा, कोल्हापूर

बाळा, गॅरेजवाला खोटं बोलतोय असं मी म्हणणार नाही, बसवेल तो, पण बसवून झाल्यावर ती गाडी घाटात उतरवायची वेळ येईल तेव्हा स्टिअरिंगवर तू असशील, तो नाही.

टायरपासूनच बघ. जिप्सी किंगला कंपनीचा टायर २०५/७० आर १५, त्याची उंची भरते साधारण २६.३ इंच. तू ३१ चा टाकलास की चाक जवळजवळ १८ टक्क्यांनी मोठं झालं, म्हणजे स्पीडोमीटरवर ५० दिसतील तेव्हा गाडी ५९ ने पळत असणार. हे एक वेळ चालवून घेऊ, पण इंजिनला वाटणार की कुणीतरी सगळे गिअर वर सरकवून ठेवलेत, कारण १.३ लिटरचं पेट्रोल इंजिन, खालच्या आरपीएमला त्याची ताकद आधीच बेताची, मग चढावर तू क्लच जाळत बसणार. ब्रेक तेच राहिले आणि चाक मात्र जड झालं, म्हणजे थांबायला जागा जास्त लागणार. पॉवर स्टिअरिंग बहुतेक जिप्सींना नाही, तुझ्या गाडीला नसेल तर पार्किंग करताना खांदे भरून येतील. व्हील बेअरिंग, किंगपिन, क्रॉस सगळ्यांवर लोड वाढणार. चाक पूर्ण वळवलं की फेंडरला घासणार म्हणून मग लिफ्ट, आणि लिफ्ट केली की तिची वेगळी यादी. हे सगळं एका टायरच्या हौसेपायी.

आता लिफ्टचं. बहुतेक पोरांचा इथंच घोळ होतो म्हणून नीट वाच. लिफ्टने बॉडी आणि चासी वर जाते, अॅक्सल आहे तिथंच राहतो. दगडावर आधी आपटतो तो डिफचा, म्हणजे अॅक्सलच्या मधल्या डिफरन्शियलचा गोळा, आणि तो जमिनीपासून किती वर असणार हे फक्त टायर ठरवतो. पाच इंच लिफ्ट करून टायर तेच ठेवलेस तर गाडी रुबाबदार दिसेल आणि डिफ त्याच दगडावर आपटेल. टायर मोठा केलास तर जेवढी उंची वाढली त्याच्या निम्मा फायदा डिफला मिळतो. २३५/७५ आर १५ घेतलास तर तो २८.९ इंचाचा, डिफ सव्वा इंचाहून थोडा जास्तच वर जातो, गिअरिंगवर भार पडतो साधारण दहा टक्के आणि तो हे इंजिन झेलतं. ३१ मध्ये डिफ सव्वादोन-अडीच इंच वर जातो, पण मग वर सांगितलेलं सगळं बिल फाडावं लागतं. तुझ्या बजेटला २३५/७५ मड टेरेनच, म्हणजे चिखलाचा टायरच बरोबर, आणि पाच घे, चार नाही, स्टेपनी लहान मापाची ठेवून जंगलात पंक्चर झालेला माणूस मी बघितलाय, त्यालाच मी रोज आरशात बघतो. पाच टायरमध्ये पन्नास-साठ हजार गेले असं धरून चाल.

स्प्रिंग ओव्हर म्हणजे काय तर जिप्सीच्या कमानी कंपनीतून अॅक्सलच्या खाली येतात, त्या काढून अॅक्सलच्या वर बसवायच्या, गाडी साधारण पाच इंच उचलते, आणि सामान म्हणाल तर फक्त नवीन बैठका वेल्ड करायच्या, म्हणून सगळ्यांना वाटतं स्वस्तात काम झालं. पण त्या बैठका कुठल्या अँगलला वेल्ड केल्या यावर पुढचं सगळं ठरतं. प्रॉपशाफ्टचा, म्हणजे अॅक्सलला ताकद नेणाऱ्या दांड्याचा अँगल जमावा म्हणून पुढचा अॅक्सल फिरवला की कास्टर, म्हणजे किंगपिनचा मागे कललेला कोन बिघडतो आणि मग साठच्या स्पीडला स्टिअरिंग हातात नाचायला लागतं. स्टिअरिंगचा दांडा, ड्रॅग लिंक, वर आलेल्या कमानीला अडतो, तो वाकवून किंवा स्टिअरिंग आर्म बदलून घ्यावा लागतो. प्रॉपशाफ्ट लांबीला कमी पडतो. मागच्या कमानी जोर लावला की एसच्या आकारात पिळतात म्हणून ट्रॅक्शन बार लागतो. आणि ब्रेकचे होज, म्हणजे ब्रेक ऑइलचे रबरी पाइप.

या होजवर माझा स्वतःचा किस्सा आहे. माझ्या पहिल्या जिप्सीला मी एका ओळखीच्या गॅरेजमध्ये स्प्रिंग ओव्हर करून घेतलं, नाव नाही सांगत, मिस्त्री हाताने चांगला होता, पण होज जुनेच ठेवले आणि मलाही बघायची अक्कल नव्हती. वेल्ह्याकडे एका मित्राचं रान आहे, तिथं लाल मातीच्या उतारावर डावं पुढचं चाक एका चरात लटकलं, अॅक्सल खाली आला आणि होज तंबोऱ्याच्या तारेसारखा ताणला गेला. मित्र बाहेर उभा होता, त्याने बघितलं आणि ओरडला, तोवर टप असा बारीक आवाज झाला, पेडल दाबलं तर सरळ जमिनीला टेकलं. फर्स्ट लोमध्ये होतो म्हणून इंजिननेच गाडी धरून ठेवली आणि वीसेक फुटांवरच्या बांधाला जाऊन टेकलो. दोनेकशे रुपयांचा होज होता तो. त्यानंतर कुठलीही लिफ्ट केलेली गाडी दिसली की मी आधी खाली वाकून होज बघतो, लग्नात गेलो तरी पार्किंगमध्ये बघतो, बायको चिडते.

तर दीड लाख कसे लावायचे. पहिले तीस-चाळीस हजार डोळ्यांना न दिसणाऱ्या कामांवर घाल. वीस वर्षं जुनी गाडी आहे, आधी चासी हातोडीने ठोकत जा, विशेषतः मागच्या शॅकलच्या, म्हणजे कमानीच्या टोकाच्या झुलत्या कडीच्या वर आणि बॉडी माउंटच्या आसपास, खणखणीत आवाज आला तर ठीक, भद्द वाजलं की आतून पत्रा कुजलाय, गाडी कोकणातून आलेली असेल तर दोनदा ठोक. किंगपिन आणि व्हील बेअरिंग, कमानींचे बुश, प्रॉपशाफ्टचे क्रॉस, ब्रेकचं सगळं रबर, रेडिएटर, क्लच. हे झालं की कमानी बघ. वीस वर्षांत बसलेल्या असणारच. चांगल्या कमानवाल्याकडे खोलून परत बाक देऊन घे, गरज असेल तर एक पाटा वाढव, फार वाढवू नकोस नाहीतर गाडी बैलगाडीसारखी उडेल. शॅकल दोन इंच लांब टाकलं तर गाडी एकच इंच उचलते, आणि पुढच्या शॅकलने कास्टर बिघडतो, म्हणून तिथं कंजूसपणाच बरा. एवढ्यात दीड-दोन इंच सहज मिळतात आणि २३५ च्या टायरला तेवढे पुरतात. आणि जॅकवर उचलून प्रत्येक चाक पूर्ण खाली लटकवून होज बघ, हे मी परत सांगतोय.

मग टायर. मग गाडीच्या पुढे-मागे चासीला नटबोल्टने पक्के बसवलेले टो हुक, बोल्ट ८.८ ग्रेडचे, बंपरला वेल्ड केलेली कडी नको. एक कायनेटिक रोप म्हणजे ताणला जाणारा टोचा दोर, दोन शॅकल म्हणजे कमानीचे नाही, ते यू आकाराचे, टायर प्रेशरचा गेज आणि छोटा कंप्रेसर. चिखलात शिरायच्या आधी २८ पीएसआयचं प्रेशर १६-१८ वर आण, टायर पसरतो, पकड एवढी वाढते की वाटेल गाडी बदलली, आणि हे फुकट आहे. १२ च्या खाली जाऊ नकोस, वळताना टायर रिममधून निघतो. बाहेर आलास की डांबरी रस्त्यावर चढायच्या आधी परत हवा भर.

अजून एक स्वस्त काम कुणी सांगत नाही ते म्हणजे ब्रीदर, आतली हवा आत-बाहेर जायचं छोटं तोंड. अॅक्सल चालून तापलेला असतो, तो थंड ओढ्यात बुडला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. महिन्याने डिफचं ऑइल काढलं तर चहासारखं निघतं, दूध जास्त झालेल्या. डिफ, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस सगळ्यांच्या ब्रीदरला साधा फ्युएल पाइप जोडून बॉनेटखाली वर आणून बांधायचा, काही शे रुपयांत होतं. स्नॉर्केलचं, म्हणजे इंजिनला उंचावरून हवा देणाऱ्या पाइपचं म्हणशील तर पीव्हीसीचा चालतो, पण एअर फिल्टरच्या डब्यापर्यंत प्रत्येक सांधा हवाबंद पाहिजे, एक क्लिप ढिली असली तर तो फक्त शोभेचा पाइप, आणि सिलिंडरमध्ये पाणी गेलं की कनेक्टिंग रॉड वाकतो. इग्निशन भिजून गाडी बंद पडते ती वेगळीच. म्हणून सध्या स्नॉर्केल नको, बोनेटला पाणी लागेल तिथं जाऊच नकोस.

विंच, म्हणजे अडकलेली गाडी दोराने ओढून काढणारी मोटर, शेवटी. गाडीच्या भरलेल्या वजनाच्या दीडपट ताकदीचा विंच घ्यायचा असतो, जिप्सी सामानासकट दीड टनाच्या आसपास म्हणजे पाच-सहा हजार पाउंडांचा लागेल, तो पूर्ण जोरात तीनशे-चारशे अँपिअर खातो आणि तुझी बॅटरी त्याला पुरणार नाही, म्हणजे परत बिल. तोवर एकट्याने जायचंच नाही, दुसरी गाडी हाच तुझा विंच. रोल केज मात्र स्वस्तात करायचा असेल तर करूच नकोस. एफआयए या जागतिक मोटरस्पोर्ट संस्थेच्या नियमात मुख्य कमानीला ४५ मिमी व्यासाचा आणि २.५ मिमी जाडीचा कोल्ड ड्रॉन सीमलेस पाइप सांगितलाय, रेलिंगच्या दुकानातला पाइप वाकवून पत्र्याला वेल्ड केला तर गाडी पलटल्यावर तोच डोक्यात येतो. लाईटबारबद्दल मला काही बोलायचं नाही.

सर, अशा मॉडिफाय गाड्या रस्त्यावर चालवल्या तर काय होतं? आमच्याकडे तर सर्रास फिरतात. आणि आर्मीच्या लिलावातली किंवा डबवालीची जीप घेतलेली चालते का?
– एक वाचक, पनवेल

सर्रास फिरतात हे खरं, आणि पकडल्यावर काय होतं हेही ऐका. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. कंपनीने जे स्पेसिफिकेशन दिलंय आणि आरसीवर जे लिहिलंय त्यापेक्षा वेगळी गाडी करता येत नाही, सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्टच सांगितलं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन १८२ अ आलं, परवानगीशिवाय बदल केला तर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार दंड किंवा दोन्ही, आणि तो पाच हजार प्रत्येक बदलाला, म्हणजे यादी मोठी असेल तर बेरीज तुम्हीच करा. बुलबार डिसेंबर २०१७ पासून बंद. ऑलिव्ह ग्रीन रंग सैन्याच्या गाड्यांसाठी राखून ठेवलाय, नियम १२१, हे जीपवाल्या निम्म्या पब्लिकला माहीतच नसतं. आणि दंडापेक्षा मोठं म्हणजे इन्शुरन्स, अपघात झाला आणि सर्व्हेअरला चासी कापलेली दिसली की क्लेम अडकतो, समोरच्याला लागलं असेल तर तो खर्च तुमच्या घरावर येऊ शकतो.

म्हणून मी लोकांना सांगतो, आधी ठरवा. रोज रस्त्यावर चालवायची गाडी असेल तर ती कंपनीच्या मापाच्या जवळ ठेवा, वर कोल्हापूरच्या पोराला सांगितलेल्या टायर-कमानींसाठीसुद्धा आरटीओत आधी विचारून घ्या. चासी कापणं, इंजिन बदलणं, ३३-३५ चे टायर हे सगळं करायचं असेल तर ती गाडी खाजगी जागेत आणि स्पर्धेतच पळणार आणि तिथंवर ट्रेलरवर जाणार, आणि ट्रेलरचं भाडं पहिल्या दिवसापासून बजेटमध्ये धरा.

लिलावातली गाडी घेता येते, पण तिला साधी आरसी नसते, सैन्याची कागदपत्रं घेऊन आपल्याला रजिस्टर करावी लागते, आणि आपल्या आरटीओत ते होईल का हे पैसे भरायच्या आधी तिथं जाऊन विचारायचं, नंतर नाही. मंडी डबवाली हरियाणात, पंजाबच्या सीमेवर, तिथं जीप बांधून देण्याचा धंदाच आहे, हात चांगला असतो त्या लोकांचा. फक्त बांधलेली जीप आणि तिच्यासोबत आलेले कागद एकाच गाडीचे आहेत का हे बघा, चासी नंबर स्वतः पेन्सिलीने कागदावर घासून घ्या आणि आरसीशी जुळवा, फोटोवर विश्वास ठेवू नका. पंधरा वर्षांवरची गाडी असेल तर दर पाच वर्षांनी नूतनीकरण आणि ग्रीन टॅक्सही आहेच.

माझ्याकडे जुनी थार सीआरडीई आहे. मित्र म्हणतो पुढच्या टॉर्शन बारचे बोल्ट टाईट केले की दोन इंच लिफ्ट फुकट मिळते. खरंय का?
– थारवाला, नाशिक

मिळते, आणि फुकट का मिळते तेही बघा. तुमच्या थारला पुढं इंडिपेंडंट सस्पेन्शन आहे, मागे कमानी. टॉर्शन बार म्हणजे पुढच्या स्प्रिंगचं काम करणारी सळई, ती पिळली की पुढचं नाक वर येतं, पण चाक खाली लटकायला जी जागा होती तीच वापरून वर येतं. म्हणजे खड्ड्यात चाक खाली जाऊन जमिनीला टेकायचं ते आता हवेत राहणार, आणि ऑफरोडला तर चाक जमिनीवर पाहिजे. शिवाय चाकाला फिरवणारा ड्राइव्हशाफ्ट जास्त तिरपा चालतो, त्याच्या सांध्यावरचे रबरी बूट फाटतात, आत माती जाते, मग तो सांधा, सीव्ही जॉइंट, कटकट वाजायला लागतो. एक इंचापर्यंत उचला, लगेच अलाइनमेंट करून घ्या, थांबा. मित्राची कुठली गाडी आहे ते कळवा, उत्सुकता म्हणून.

काका, डिफ वेल्ड केला की लॉकरचं काम होतं असं ऐकलंय. आम्ही फोंड्याचे, पावसात चिखलात खेळतो, पुढं रेनफॉरेस्ट चॅलेंज करायचं डोक्यात आहे. लॉकर परवडत नाही.
– तिघे मित्र, फोंडा

होतं काम. लॉकर म्हणजे हवं तेव्हा अॅक्सलची दोन्ही चाकं एकत्र बांधणारा भाग. साध्या डिफमध्ये ज्या चाकाला कमी पकड त्यालाच फिरायला मिळतं, म्हणून फोर बाय फोर असूनही पुढचं एक आणि मागचं त्याच्या तिरप्या कोपऱ्यातलं एक हवेत गेलं की गाडी जागेवर भुंग्यासारखी आवाज करत बसते. आतले गिअर वेल्ड करून टाकले की दोन्ही चाकं कायम बरोबर फिरतात. कायम हा शब्द बघा. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर जायचं असतं, ते आता जमत नाही, मग डांबरावर टायर घासत, चिवचिवत वळतात, ओल्या रस्त्यावर मागची बाजू सुटते आणि एक दिवस अॅक्सल शाफ्ट तुटतो. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला अजिबात नको, पुढच्या अॅक्सलला तर विचारही नको. फक्त स्पर्धेची, ट्रेलरवर जाणारी गाडी असेल आणि बॅगेत जास्तीचे दोन शाफ्ट असतील तर मागचा करा, जगभर लोक करतात.

पण त्याआधी एक करून बघा. गाडी अशी क्रॉस पडली, म्हणजे तिरपी दोन चाकं हवेत गेली, की अॅक्सिलरेटरवर हलका पाय ठेवून डाव्या पायाने ब्रेक थोडासा दाबा, हवेतलं चाक आवळलं जातं आणि थोडी ताकद दुसऱ्याकडे जाते. जादू नाही, पण दहापैकी चार वेळा निघते.

रेनफॉरेस्ट चॅलेंज म्हणजे आरएफसी, ही ऑफरोड स्पर्धा गोव्यात २०१४ मध्ये सुरू झाली, तुमच्या घराजवळच. पहिल्या वर्षी भाग घेऊ नका, कुणाच्या तरी सर्व्हिस टीममध्ये हात काळे करायला जा, काय काय तुटतं ते फुकटात बघायला मिळेल. विंचच्या रोपवर ओलं पोतं का टाकतात तेही समजेल, रोप तुटला तर पोत्याच्या वजनाने खाली पडतो, नाहीतर चाबकासारखा माणसावर येतो. आणि मालकाला विचारल्याशिवाय कुणाच्या कुळागरात शिरू नका, बीचवर तर नाहीच, भरतीने खाल्लेली गाडी काढायला लिफ्टकिट कामाला येत नाही.

नमस्कार. प्रश्न माझा नाही, आमच्या ह्यांचा आहे पण ते विचारणार नाहीत. अंगणात तीन वर्षं एमएम ५४० उघडून ठेवलीय. इंजिन पोर्चमध्ये, दरवाजे माळ्यावर, माझ्या लोणच्याच्या बरणीत बोल्ट आहेत. दर महिन्याला काहीतरी पार्सल येतं, परवा लाईटबार आला. गाडी कधी होईल?
– सातारकर वहिनी

वहिनी, या अंकातला सगळ्यात चांगला प्रश्न तुमचा आहे. हे दुखणं मलाही होतं म्हणून ओळखतो, उघडायला एक रविवार लागतो आणि तेव्हा फार मजा येते, जोडायला काय लागेल हे कुणी मोजत नाही. त्यांनी सगळं एकदम उघडलं ही चूक. धावती गाडी ठेवून एकेक काम करत गेले असते तर आज तुम्ही तिच्यातून भाजीला जात असता.

आता असं करा. पार्सल बंद, गाडी स्वतःच्या चाकांवर उभी राहीपर्यंत. झिपवाल्या पिशव्या आणा, बरणीतले बोल्ट त्यांच्याकडूनच वेगळे करून घ्या आणि प्रत्येक पिशवीवर कुठले आहेत ते लिहायला लावा, जे ओळखू येणार नाहीत त्यांची वेगळी पिशवी, ती मोठी होईल. मग चासी, अॅक्सल, ब्रेक, स्टिअरिंग या क्रमाने, एक पूर्ण झाल्याशिवाय दुसरं नाही. इंजिन पोर्चमध्ये उघडं असेल तर आधी सगळी भोकं कापडाने बंद करा, इंजेक्टरच्या भोकांतून थोडं ऑइल सोडून महिन्यातून एकदा पान्याने हाताने फिरवायला सांगा, ते जुनं प्युजो डिझेल दणकट आहे पण गंजलेल्या सिलिंडरपुढं तेही काय करणार. तिसरं म्हणजे आरसीची तारीख बघा, नूतनीकरणाला गाडी चालवत न्यावी लागते, ती तारीख त्यांच्यापुढं ठेवलीत तर माझ्या दहा उत्तरांपेक्षा जास्त काम होईल.

बरणी मात्र आता लोणच्याला वापरू नका, ग्रीस जात नाही. आणि लाईटबार परत घेत असतील तर पावती शोधून ठेवा.